कर्नल उभा राहत नाही तेव्हा: बिल्ड एररपासून ट्रिपल फॉल्टपर्यंत

आपला पहिला छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, क्यूएमू या इम्युलेटरमध्ये चालवायला घेतला की बऱ्याच जणांना हेच दिसतं: खिडकी उघडते, ग्रबचा (कर्नल मेमरीत चढवणाऱ्या बूटलोडरचा) मेनू येतो, पडदा काळा होतो आणि पुन्हा ग्रबचा मेनू. थांबवेपर्यंत हे चक्र सुरू. एरर नाही, ओळ क्रमांक नाही, काहीच नाही. नेहमीचा प्रोग्रॅम कोसळला तर खाली ऑपरेटिंग सिस्टीम असते. ती त्याला थांबवते आणि निदान ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढं तरी म्हणते. कर्नलच्या खाली कोणी नसतं. काय बिघडलं हे सांगणारी यंत्रणा आपणच लिहायची असते, आणि पहिला क्रॅश नेमका ती लिहून व्हायच्या आधी येतो.

अशा वेळी हात शिवशिवतात. ही ओळ कॉमेंट करून बघू, तो फ्लॅग टाकून बघू, ऑप्टिमायझेशन बंद करून बघू. यातल्या एखाद्या बदलाने क्रॅश थांबला तर ती खरी पंचाईत, कारण चूक गेलेली नसते. कोडचे पत्ते थोडे सरकले म्हणून ती आता दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीवर लिहीत असते. महिन्याभराने ती पुन्हा डोकं वर काढते, आणि तोवर कोड तिप्पट झालेला असतो. म्हणून या लेखाचा क्रम ठरलेला आहे: आधी मशीनला बोलतं करायचं, मग ते काय म्हणतंय ते वाचायचं, आणि कोडला हात त्यानंतर लावायचा.

उदाहरणं एक्स८६-६४ प्रोसेसर, जीसीसी कंपायलर, जीएनयूची बिनयुटिल्स (लिंकर, ऑब्जडंप वगैरे साधनं) आणि क्यूएमू धरून आहेत. आर्म किंवा रिस्क-फाइव्हवर रजिस्टरांची नावं बदलतात, रीत बदलत नाही. आज्ञा आणि फ्लॅग इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमनमध्ये टाइप करायचे.

१. बिल्ड फसला: पहिली एरर गाठा

बिल्ड चालवणारं ‘मेक’ एकदम आठ कामं चालवत असेल तर एरर गर्दीत हरवते. एका फाइलीची तक्रार छापली जाते, बाकीच्या सात फाइलींचं आउटपुट तिच्यावरून वाहून जातं आणि शेवटी हाती उरतं फक्त ‘एरर १’. ते वाक्य मेकचं असतं, कंपायलरचं नव्हे, आणि त्यातून काही कळत नाही. बिल्ड फसला की ‘मेक -जे१’ असा पुन्हा चालवा, सगळं आउटपुट एका फाइलीत वळवा आणि ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधत या. पहिला सापडेल तो वाचा, बाकीचे सोडून द्या. एका हेडरमध्ये अर्धविराम राहिला तर चाळीस तक्रारी येतात. पहिली मिटली की उरलेल्या बहुधा आपोआप मिटतात.

मग ती तक्रार कोणाची आहे ते ओळखा. फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असेल तर कंपायलरची. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ किंवा ‘मल्टिपल डेफिनिशन’ असेल तर लिंकरची, म्हणजे प्रत्येक फाइल सुटी सुटी नीट कंपाइल झाली आहे, जोडताना अडलं आहे. ‘मिसिंग सेपरेटर’ असेल तर ती खुद्द मेकची: मेकफाइलमध्ये टॅबच्या जागी स्पेस पडल्या आहेत. मॅक्रोच्या गुंत्यातली एरर समजत नसेल तर त्याच फाइलीवर जीसीसी ‘-ई’ देऊन चालवा. मॅक्रो उलगडल्यावर कंपायलरला नेमकं काय दिसलं ते समोर येतं. लिनक्स कर्नल बांधत असाल तर ‘मेक व्ही=१’ दिल्यावर प्रत्येक फाइलीची पूर्ण आज्ञा छापली जाते. ती उचलून त्या एकाच फाइलीवर चालवली की दहा मिनिटांचा फेरा दोन सेकंदांवर येतो.

२. कंपायलर कोणासाठी कोड करतोय ते बघा

नवख्यांच्या लिंकर एररपैकी निम्म्या तरी इथूनच येतात, असं मला वाटतं. तुमच्या मशीनवरचा जीसीसी हा त्या मशीनवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कोड करायला ठेवलेला असतो. खाली सी लायब्ररी आहे, स्टॅकवर पहारा ठेवायचा आहे, प्रोग्रॅम मेमरीत कुठेही टाकला जाईल, हे सगळं तो गृहीत धरतो. तुमच्या कर्नलात यातलं काहीच खरं नाही. म्हणून आधी ‘एक्स८६_६४-एल्फ’ या टार्गेटचा क्रॉस-कंपायलर बांधून घ्या. तासाभराचं काम आहे, पण पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

तोवर एररमधलं नावच कारण सांगतं. ‘__स्टॅक_चेक_फेल’ सापडत नाही अशी तक्रार आली तर स्टॅक प्रोटेक्टर चालू आहे: ‘-एफनो-स्टॅक-प्रोटेक्टर’ द्या. ‘_ग्लोबल_ऑफसेट_टेबल_’ हवंय म्हणाला तर कोड पत्ता-निरपेक्ष बनतोय: ‘-एफनो-पीआयई’. ३२ बिटांच्या कर्नलात ‘__यूडिव्हडीआय३’ मागितलं तर कुठेतरी ६४ बिटांच्या संख्येला भाग दिला आहे आणि ते काम करणारी ‘लिबजीसीसी’ जोडलेली नाही. ‘रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट’ आलं तर कर्नल वरच्या २ जीबीत लिंक केलाय, पण कंपायलरला तसं सांगितलेलं नाही; ‘-एमसीमॉडेल=कर्नल’ त्यासाठी असतो. आणि जुना कोड नव्या मशीनवर आणल्यावर अचानक ‘मल्टिपल डेफिनिशन’चा पाऊस पडला तर हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’शिवाय ग्लोबल व्हेरिएबल लिहिलेलं आहे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० च्या आधी हे खपून जायचं. त्या आवृत्तीपासून ‘-एफनो-कॉमन’ हीच मूळ सेटिंग झाली.

‘मेमसेट’ आणि ‘मेमसीपीवाय’ची गोष्ट जरा निराळी. तुम्ही ही फंक्शनं कुठेही वापरली नसली तरी लिंकर ती मागतो, कारण ‘-एफफ्रीस्टँडिंग’ दिला तरी मेमसेट, मेमसीपीवाय, मेममूव्ह आणि मेमसीएमपी ही चार फंक्शनं उपलब्ध असतील असं जीसीसी धरून चालतो. एक मोठं स्ट्रक्चर दुसऱ्यात टाकलं की तो गुपचूप त्यांना हाक मारतो. तेव्हा ती लिहावीच लागतात. आणि इथे एक सापळा आहे: मेमसेट तुम्ही साध्या लूपने लिहिलं, ऑप्टिमायझर ‘हा लूप म्हणजे मेमसेट’ असं ओळखतो आणि लूपच्या जागी मेमसेटलाच हाक घालतो. फंक्शन स्वतःला बोलावत राहतं, स्टॅक संपतो, मशीन रिसेट. सोर्समध्ये कितीही बघा, चूक दिसणार नाही; ऑब्जडंपने डिसअसेम्ब्ली काढली की मेमसेटच्या आत मेमसेटची हाक ढळढळीत दिसते. त्या फाइलीला ‘-एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ दिला की प्रश्न मिटतो.

३. बांधला जातो, पण बूट होत नाही

ग्रब म्हणतं मल्टिबूट हेडर (ज्यावरून ग्रब कर्नल ओळखतं ती खूण) सापडला नाही, आणि तुम्हाला तर तो फाइलीत लिहिलेला दिसतोय. नियम असा आहे: पहिल्या मल्टिबूटचा हेडर इमेजच्या पहिल्या ८१९२ बाइटांत हवा, ४ बाइटांच्या सीमेवर, मल्टिबूट २ चा पहिल्या ३२७६८ बाइटांत, ८ बाइटांच्या सीमेवर. लिंकर स्क्रिप्टमध्ये हेडरचं सेक्शन सर्वांत आधी ठेवलं नसेल तर ते मागे ढकललं जातं. ‘--जीसी-सेक्शन्स’ वापरत असाल तर ते सेक्शन कोणी वापरत नाही असं समजून लिंकर फेकूनही देतो. त्याला ‘कीप’मध्ये गुंडाळा. ‘ग्रब-फाइल’ ही छोटी आज्ञा हेडर ओळखीचा आहे की नाही ते लगेच सांगते. ती मेकफाइलमध्येच घालून ठेवा, म्हणजे चूक बूटच्या वेळी न कळता बिल्डच्या वेळी कळेल.

‘रीडेल्फ -एल’ आणि ‘एनएम -एन’ यांचं आउटपुट एकदा सावकाश वाचा. पहिल्यातून कुठला भाग कुठल्या पत्त्यावर चढणार हे कळतं, दुसऱ्यातून सगळी नावं पत्त्यांच्या क्रमाने दिसतात. पुढे क्रॅशमधला पत्ता समोर आला की ही यादीच नकाशाचं काम करते.

एक गोष्ट मात्र शंका येताच करून टाका: ‘मेक क्लीन’. हेडरमध्ये स्ट्रक्चरला एक फील्ड वाढवलं, पण मेकफाइलला त्या हेडरवर कोण अवलंबून आहे हे माहीत नसेल तर अर्ध्या फाइली जुन्या आकाराने चालतात, अर्ध्या नव्या. असा कर्नल कुठेही कोसळतो आणि सोर्समध्ये काहीही चुकलेलं नसतं. कायमचा उपाय ‘-एमएमडी -एमपी’: जीसीसी अवलंबनाच्या याद्या स्वतः लिहून देतो.

४. मशीनला आवाज द्या

पडद्यावर अक्षरं काढण्याच्या आधी सिरीयल पोर्ट चालवा. कॉम१ साधारणपणे हेक्स ३एफ८ या पोर्टवर असतो. त्याच्या पुढच्या पाचव्या रजिस्टरचा (शून्यापासून मोजून) पाचवा बिट १ झाला की एक बाइट लिहायचा, एवढीच भानगड. क्यूएमूला ‘-सिरीयल स्टडायो’ दिलं की प्रत्येक अक्षर टर्मिनलमध्ये उमटतं. मेमरी ॲलोकेटर नको, इंटरप्ट (उपकरणांची प्रोसेसरला मधेच येणारी हाक) नको, फ्रेमबफर नको. पडदा पुसला जातो, रिसेट झाला की नाहीसा होतो. टर्मिनलमधला मजकूर मात्र टिकतो, वर जाऊन वाचता येतो, फाइलीत ठेवता येतो.

त्यावर ‘पॅनिक’ फंक्शन लिहा: इंटरप्ट बंद करायचे, संदेश, फाइल आणि ओळ छापायची, रजिस्टर छापायचे, ‘हॉल्ट’च्या लूपमध्ये थांबायचं. आणि ‘असर्ट’ मुक्तहस्ताने वापरा. चूक घडते त्या क्षणी थांबलेला कर्नल हा दहा हजार सूचनांनंतर (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शननंतर) कोसळलेल्या कर्नलपेक्षा कितीतरी सोपा.

५. क्यूएमूची नोंदवही उघडा

रिसेटच्या चक्राकडे परत येऊ. क्यूएमूला चार गोष्टी सांगा: ‘-नो-रीबूट’, ‘-नो-शटडाउन’, ‘-डी इंट,सीपीयू_रिसेट’ आणि ‘-एक्सेल टीसीजी’. पहिल्या दोनांमुळे मशीन मेल्यावर तिथेच गोठतं. तिसऱ्यामुळे प्रत्येक इंटरप्ट आणि एक्सेप्शनची नोंद होते. चौथं महत्त्वाचं आहे, त्यामुळे क्यूएमू प्रोसेसरची नक्कल स्वतः करतो: केव्हीएमवर चालवलं तर कोड खऱ्या प्रोसेसरवर धावतो आणि ही नोंद मिळत नाही.

आता नोंदीतली एक ओळ जवळून बघू. तिच्यात साधारण असं असतं: ‘व्ही=०ई’, ‘ई=०००२’, ‘सीपीएल=०’, मग आयपी म्हणजे सूचनेचा पत्ता, समजा ज्याचे शेवटचे आकडे ८०१०१ए३सी आहेत, आणि शेवटी ‘सीआर२=८’, ८ च्या आधी नुसती शून्यं.

व्ही म्हणजे व्हेक्टर, फॉल्टचा किंवा इंटरप्टचा क्रमांक. हेक्स ०ई म्हणजे १४, म्हणजे पेज फॉल्ट. ई हा एरर कोड, तो बिटांनी वाचायचा: शून्यावा बिट ० असेल तर मेमरीचं ते पान मॅपच नव्हतं, म्हणजे त्या पत्त्यामागे खरी मेमरी नव्हती, १ असेल तर मॅप होतं पण परवानगी नव्हती. पुढचा बिट १ म्हणजे लिहिताना अडलं, ० म्हणजे वाचताना. त्यापुढचा १ म्हणजे युजर मोडमधून. इथे २ आहे: कर्नल मोडमध्ये, मॅप नसलेल्या पानावर लिहायला गेलो. कुठे? सीआर२ सांगतं: पत्ता ८. असा इवलासा पत्ता दिसला की शून्य पॉइंटर आणि त्यापुढे फील्डचं अंतर, हा हिशेब मनात यायला हवा.

‘ॲडर२लाइन’ला कर्नलची लिंकरने बनवलेली एल्फ फाइल, ‘-एफ -आय’ आणि तो आयपी द्या. बिल्डला ‘-जी’ दिलेला असेल तर फंक्शन, फाइल आणि ओळ मिळते. समजा उत्तर आलं: लिस्टमध्ये नोड घालणारं फंक्शन. नोडमध्ये दोन पॉइंटर आहेत, आधी ‘नेक्स्ट’, मग ‘प्रीव्ह’, म्हणजे प्रीव्ह आठव्या बाइटवर. आता गोष्ट पूर्ण झाली: यादीच्या डोक्यातलं नेक्स्ट शून्य होतं आणि आपण त्या शून्याच्या प्रीव्हमध्ये लिहायला गेलो.

इथे बहुतेक जण त्या फंक्शनात ‘नेक्स्ट शून्य असेल तर परत फिर’ अशी अट टाकतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. क्रॅश थांबेल, पण नोड शेड्यूलरच्या यादीत जाणारच नाही आणि त्या नोडचा थ्रेड कधी चालणार नाही. गोलाकार यादीच्या डोक्यातले पॉइंटर सुरुवातीला स्वतःकडेच बोट दाखवत असतात. ते शून्य आहेत याचा अर्थ यादी अजून तयारच झालेली नाही. मग प्रश्न बदलतो: ही यादी वापरणारा कोण, आणि तिला तयार करणाऱ्याच्या आधी तो कसा पोचला? शोधल्यावर दिसतं की कीबोर्डच्या ड्रायव्हरने आपल्या सुरुवातीलाच एक थ्रेड बनवला आणि शेड्यूलरची तयारी त्याच्यानंतर होत होती. दुरुस्ती मुख्य फंक्शनात दोन ओळींची अदलाबदल एवढीच. क्रॅशचा पत्ता यादीच्या फाइलीत होता, चूक तिथे नव्हतीच.

हा फॉल्ट आला तो शून्याचं पान मॅप नव्हतं म्हणून. बूट करताना खालची मेमरी जशीच्या तशी मॅप केलेली असते आणि बरेच जण ती तशीच ठेवून देतात. मग शून्य पॉइंटरवरचं लिहिणं निमूट पार पडतं. वरच्या पत्त्यांवर गेलात की पहिलं पान मॅपमधून काढून टाका.

पॅनिकमध्ये कोणी कोणाला हाक मारली ही साखळी छापायची असेल तर ‘-एफनो-ऑमिट-फ्रेम-पॉइंटर’ देऊन बिल्ड करा. मग आरबीपी (स्टॅकवरच्या चालू फ्रेमचा पत्ता ठेवणारा रजिस्टर) ज्या पत्त्याकडे बोट दाखवतो तिथे मागचा आरबीपी असतो आणि आठ बाइट पुढे परतीचा पत्ता. शून्य लागेपर्यंत मागे चालत जायचं. परतीचा पत्ता हा हाकेच्या पुढच्या सूचनेचा असतो, म्हणून ॲडर२लाइनला देताना त्यातून १ वजा करा. नाहीतर ओळ एकने चुकते, कधी कधी फंक्शनसुद्धा चुकतं.

६. फॉल्टवर फॉल्ट

पेज फॉल्टच्या हँडलरला (फॉल्ट आल्यावर प्रोसेसर ज्या फंक्शनकडे वळतो त्याला) बोलावतानाच आणखी एक फॉल्ट झाला तर प्रोसेसर डबल फॉल्ट देतो, व्हेक्टर ८. तोही हाताळता आला नाही तर ट्रिपल फॉल्ट, आणि त्यावर काही उपाय नाही: प्रोसेसर बंद पडतो, मशीन रिसेट होतं. सुरुवातीला पाहिलेलं चक्र ते हेच. म्हणून नोंदवहीत शेवटून वर वाचत जा आणि साखळीतला पहिला फॉल्ट गाठा. व्ही=०८ हा परिणाम, त्याच्या वरचा ०ई किंवा ०डी हे कारण.

पण डबल फॉल्ट कधी कधी डबल फॉल्ट नसतोच. ‘एसटीआय’ने इंटरप्ट चालू करताच तो येत असेल तर पीआयसीची (इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या चिपची) नव्याने मांडणी केलेली नाही असं समजा. जुन्या मांडणीत टायमरचा इंटरप्ट व्हेक्टर ८ वरच येतो. कर्नलला वाटतं डबल फॉल्ट झाला. झालेली असते फक्त टायमरची टिकटिक. त्यात भर म्हणजे खरा डबल फॉल्ट स्टॅकवर एरर कोड ठेवतो, टायमर ठेवत नाही, त्यामुळे हँडलर परतताना सगळं एका खणाने सरकलेलं असतं.

हे खणाचं गणित हाताने लिहिलेल्या हँडलरमध्येही हमखास चुकतं. व्हेक्टर ८, १०, ११, १२, १३, १४ आणि १७ एरर कोड देतात. ०, ३, ६ वगैरे देत नाहीत. न देणाऱ्यांच्या स्टबमध्ये (हँडलरच्या आधीच्या छोट्या असेम्ब्ली तुकड्यात) खोटं शून्य ढकलायचं म्हणजे सर्वांची फ्रेम सारखी होते, आणि परतण्यापूर्वी ते काढायचं. हँडलरमधून परतणाऱ्या ‘आयरेट’ सूचनेवरच व्हेक्टर १३ येत असेल तर आधी हे मोजा.

१३, म्हणजे जनरल प्रोटेक्शन, हा सर्वांत मोघम फॉल्ट. एरर कोड शून्य नसेल तर त्यात सेगमेंटचा सिलेक्टर किंवा आयडीटीतल्या (हँडलरांच्या तक्त्यातल्या) नोंदीचा क्रमांक दडलेला असतो. शून्य असेल तर पॉइंटर तपासा: ६४ बिटांत वरचे बिट नियमाप्रमाणे नसलेला पत्ता वापरला की पेज फॉल्ट न येता हा येतो. सोडून दिलेली मेमरी ठरावीक नमुन्याने भरून ठेवायची सवय इथे फार कामाला येते. लिनक्सचा स्लॅब ॲलोकेटर तपासणी चालू असताना त्यासाठी हेक्स ६बी वापरतो. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी दिसलं की सोडून दिलेल्या वस्तूला कोणीतरी अजून धरून बसलंय हे एका नजरेत कळतं. व्हेक्टर ६, म्हणजे प्रोसेसरला मान्य नसलेली सूचना, अनपेक्षितपणे आला तर कंपायलरने एसएसईची (एकदम अनेक संख्यांवर काम करणारी) सूचना वापरली असेल आणि तुम्ही एसएसई चालूच केलेलं नसेल; ‘-एमजनरल-रेग्ज-ओन्ली’ द्या.

डबल फॉल्टच्या हँडलरला टीएसएस या प्रोसेसरच्या तक्त्यातल्या आयएसटीतून (राखीव स्टॅकच्या यादीतून) वेगळा स्टॅक द्या, आणि हे काम पुढे ढकलू नका. कारण असं: कर्नलचा स्टॅक संपून खालच्या, मुद्दाम मॅप न केलेल्या पहारा-पानाला धडकला की पेज फॉल्ट होतो, तो हाताळायला प्रोसेसर त्याच संपलेल्या स्टॅकवर लिहायला जातो, डबल फॉल्ट होतो, तोही तिथेच लिहायला जातो. स्वतंत्र स्टॅक असला की ‘स्टॅक संपला’ एवढं तरी छापून होतं. ४ केबीच्या स्टॅकवर ८ केबीचा लोकल ॲरे, ही यातली नेहमीची चूक; ‘-डब्ल्यूफ्रेम-लार्जर-दॅन=१०२४’ दिलं की कंपायलर आधीच बजावतो.

७. क्रॅश एकीकडे, चूक दुसरीकडे

माझ्या एका कर्नलमध्ये चेकसम काढणारं चार ओळींचं फंक्शन होतं. हजारात एखाद्या वेळी उत्तर चुकायचं. टायमर बंद केला की कधीच नाही. लॉकिंग तपासलं, हँडलरमधले सगळे रजिस्टर जपले जातात का ते तपासलं, सगळं ठीक. शेवटी त्या फंक्शनची डिसअसेम्ब्ली उघडली. सुरुवातीला आरएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारा रजिस्टर) खाली सरकवणारी सूचनाच नव्हती, आणि तरी लोकल व्हेरिएबल आरबीपी वजा २० वर लिहिलं जात होतं. म्हणजे स्टॅकच्या टोकाच्या खाली.

ही चूक कंपायलरची नाही. एक्स८६-६४ च्या सिस्टीम व्ही एबीआयमध्ये (फंक्शनांनी रजिस्टर आणि स्टॅक कसे वापरायचे याच्या नियमांत) आरएसपीच्या खालचे १२८ बाइट ‘रेड झोन’ म्हणून राखीव आहेत; पुढे कोणाला हाक न मारणारं फंक्शन ते बिनधास्त वापरू शकतं. पण कर्नल मोडमध्ये इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच स्टॅकवर पाच रजिस्टर ढकलतो, ४० बाइट. माझी बेरीज त्यांच्याखाली गाडली जात होती. ‘-एमनो-रेड-झोन’ मेकफाइलमध्ये होता, फक्त लायब्ररीच्या फोल्डरची मेकफाइल वेगळी होती आणि तिच्यात तो राहिला होता. तेव्हापासून फ्लॅग मी एकाच ठिकाणी लिहितो आणि सगळीकडे तिथूनच घेतो.

अशा चुकांसाठी जीडीबी या डिबगरचा वॉचपॉइंट हे खरं हत्यार. क्यूएमूला छोटा एस आणि मोठा एस असे दोन्ही फ्लॅग द्या. तो १२३४ पोर्टवर जीडीबीची वाट बघत थांबतो. ‘टार्गेट रिमोट’ने जोडा, बिघडणाऱ्या व्हेरिएबलवर ‘वॉच’ लावा आणि चालू द्या. ते कोणीही बदललं की मशीन त्याच सूचनेवर थांबतं, आणि तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा भलताच कोणी तिथे लिहिताना सापडतो. केव्हीएमवर, पेजिंग सुरू व्हायच्या आधी ब्रेकपॉइंट लावायचा असेल तर साध्या ‘ब्रेक’ऐवजी ‘एचब्रेक’ घ्या. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये ‘इन्फो मेम’ आणि ‘इन्फो टीएलबी’ दिलं की पेज टेबलाची खरी स्थिती दिसते. पेजिंगच्या चुकांत मी आधी तिथेच जातो.

इम्युलेटरवर चालतं आणि खऱ्या मशीनवर नाही, असं असेल तर शून्य न केलेल्या मेमरीवर पहिला संशय घ्या. क्यूएमूत मेमरी सुरुवातीला शून्य असते, खऱ्या मशीनवर तिच्यात काहीही असतं. स्वतःचा बूटलोडर असेल तर बीएसएस (सुरुवातीला शून्य असायला हव्या अशा ग्लोबल व्हेरिएबलांची जागा) शून्य करायचं राहिलं आहे का ते बघा.

८. लिनक्सच्या कर्नलमध्ये काम करत असाल तर

इथे बरीच यंत्रणा तयार मिळते. ‘ऊप्स’मध्ये (चुकल्यावर कर्नल छापतो त्या अहवालात) वरचीच माहिती अधिक सोप्या शब्दांत असते: पत्ता, वाचताना की लिहिताना, आणि आरआयपीच्या (सूचनेच्या पत्त्याच्या) ओळीत फंक्शनचं नाव व त्यातलं अंतर. ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधलं ‘फॅडर२लाइन’ ते नाव-अंतर घेऊन ओळ देतं, ‘डीकोड_स्टॅकट्रेस’ अख्खा ट्रेस उलगडतं. दोन्हींना डिबग माहितीसह बांधलेली त्याच बिल्डची ‘व्हीएमलिनक्स’ लागते. एकामागून एक ऊप्स आले असतील तर पहिलाच वाचा. त्यानंतरचा कर्नल जखमी असतो, त्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही. जीडीबी जोडायचा असेल तर बूटच्या ओळीत ‘नोकेएएसएलआर’ टाका, नाहीतर कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर चढेल आणि पत्ते जुळणार नाहीत. मेमरीच्या चुकांसाठी २०१५ च्या ४.० पासून कासान आहे, लॉकच्या क्रमासाठी लॉकडेप. कर्नल हळू चालतो, पण मॉड्यूल लिहिताना दोन्ही चालू ठेवा.

९. काल चालत होतं

मग वाचत बसू नका, ‘गिट बायसेक्ट’ लावा. ते दर फेरीत उरलेल्यांतले निम्मे कमिट बाद करतं, म्हणून हजार कमिटांतून दोषी कमिट साधारण दहा फेऱ्यांत सापडतो. फेऱ्या हाताने करायच्या नसतील तर क्यूएमूचं ‘आयसा-डिबग-एक्झिट’ हे उपकरण जोडा: कर्नलने ठरलेल्या पोर्टवर आकडा लिहिला की क्यूएमू त्यावरून ठरणाऱ्या एक्झिट कोडने बाहेर पडतो. तो आकडा दुप्पट करून त्यात १ मिळवला जातो, म्हणजे यशालाही शून्य येत नाही; मधल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये भाषांतर करून घ्या. कर्नल अडकला तर वेळमर्यादा लावून तो फसला असं धरा. एखादा कमिट बांधलाच जात नसेल तर स्क्रिप्टने १२५ परत करावा, बायसेक्ट तो ओलांडून पुढे जातं. यासाठी प्रत्येक कमिट बांधला जाणारा हवा, म्हणून अर्धवट काम मुख्य शाखेत टाकू नका.

१०. दुरुस्ती खरी आहे का ते तपासा

क्रॅश थांबला की लगेच कमिट करू नका. दुरुस्ती काढा, पुन्हा बांधा, तोच क्रॅश त्याच पत्त्यावर येतो ते बघा. परत घाला, गेलेला बघा. दुरुस्ती काढूनही क्रॅश आला नाही तर तुम्ही जे बदललं त्याचा त्याच्याशी संबंध नव्हता आणि चूक अजून आत आहे. मग कमिटच्या संदेशात व्हेक्टर, एरर कोड, सीआर२, फंक्शनचं नाव आणि कारण लिहा. रेड झोनची ती चूक पुढे दुसऱ्या फोल्डरमध्ये पुन्हा दिसली, तेव्हा ‘टायमर चालू असतानाच उत्तर चुकतं’ एवढे शब्द गिटच्या इतिहासात शोधले आणि पाच मिनिटांत मेकफाइल उघडली.